सातारा-सांगलीत बायोमेडिकल पीएचडी: समित्या, कागद आणि हंगामाचं वेळापत्रक

बायोमेडिकल विषयात पीएचडीला नाव नोंदवलं की तुमच्या कामावर एक नाही, तीन-चार समित्यांची नजर असते आणि प्रत्येकीचं काम वेगळं असतं. संशोधन सल्लागार समिती, जिला सगळे आरएसी म्हणतात, ती विषय आणि पद्धत बघते. एथिक्स कमिटी बघते ती अभ्यासात येणाऱ्या माणसांची सुरक्षा. उंदीर-सशांवर काम असेल तर प्राण्यांसाठी वेगळी समिती, जनुकीय फेरबदल असतील तर जैवसुरक्षा समिती. आणि प्रबंध तपासणारे बाहेरचे परीक्षक या कुठल्याच समितीत नसतात. नव्या विद्यार्थ्याची पहिली गफलत इथेच होते. आरएसीने विषयाला मान्यता दिली म्हणजे रक्ताचे नमुने घ्यायला मोकळीक मिळाली, असं तो धरून चालतो. तशी ती मिळत नाही.

दुसरी गफलत नेटवर वाचून होते. अमेरिकेतल्या विद्यापीठांत जी थीसिस कमिटी असते, तीच वर्षानुवर्षं सल्ला देते आणि शेवटी तीच पास-नापास ठरवते. आपल्याकडे सल्ला देणारे वेगळे, निकाल देणारे वेगळे. आरएसी खूश असली तरी बाहेरचा परीक्षक प्रबंध परत पाठवू शकतो. त्यामुळे तिकडच्या सूचना वाचून इकडची तयारी करू नका.

आधी आपलं विद्यापीठ कोणतं ते नीट बघा

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतला विद्यार्थी साधारण तीन वाटांनी जातो. बायोकेमिस्ट्री, मायक्रोबायोलॉजी, प्राणिशास्त्र, बायोटेक अशा विज्ञान शाखांसाठी कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासारख्या संस्थेतून जाणाऱ्यांसाठी नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ. आणि अभिमत विद्यापीठं: कराडचं कृष्णा विश्व विद्यापीठ किंवा भारती विद्यापीठ. भारती विद्यापीठाचं मेडिकल कॉलेज सांगलीत असलं तरी विद्यापीठ पुण्याचं, हे कागद पाठवताना लक्षात ठेवा.

चौकट सगळीकडे यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, पीएचडी नियमावलीची. सध्याची नियमावली ७ नोव्हेंबर २०२२ ला अधिसूचित झाली. पण समितीत किती जण, प्रगती अहवालाचा नमुना कोणता, प्री-सबमिशनच्या, म्हणजे प्रबंध देण्याआधीच्या सादरीकरणाच्या, किती दिवस आधी अर्ज करायचा, शोधनिबंध छापलेला हवा की नको, हे त्या त्या विद्यापीठाच्या अध्यादेशात असतं. यूजीसीने २०२२ पासून शोधनिबंधाची सक्ती काढली, म्हणून तुमच्या विद्यापीठानेही काढली असेल असं समजू नका. नोंदणीच्या पहिल्याच आठवड्यात अध्यादेशाची पीडीएफ उतरवून घ्या. सीनियरने सांगितलेला नियम त्याच्या बॅचचा असतो.

मुदतीचा हिशेब असा. कोर्सवर्क धरून किमान ३ वर्षं, प्रवेशाच्या तारखेपासून जास्तीत जास्त ६ वर्षं. पुनर्नोंदणी करून आणखी २ वर्षं मिळू शकतात, म्हणजे ८. महिलांना आणि ४० टक्क्यांहून जास्त अपंगत्व असलेल्यांना त्यावर २ वर्षांची सवलत, म्हणजे १०. शिवाय महिलांना संपूर्ण कालावधीत एकदा २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा मिळू शकते. कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचं आणि त्यात किमान ५५ टक्के गुण लागतात. नोकरी सांभाळून अर्धवेळ करणाऱ्यांनी संस्थेचं ना-हरकत प्रमाणपत्र सुरुवातीलाच घ्यावं. प्राचार्य बदलले की तोच कागद मिळवायला महिने जातात.

आरएसी: काय करते, काय करत नाही

प्रत्येक विद्यार्थ्याला आरएसी किंवा तिच्यासारखी समिती असते आणि गाइड तिचा निमंत्रक असतो. तिची कामं तीन: प्रस्ताव तपासून विषय पक्का करणं, अभ्यासाची रचना आणि पद्धत ठरवायला मदत करणं, आणि दर सत्राला प्रगती बघणं. म्हणजे ३ वर्षांत निदान ६ बैठका.

सदस्य निवडताना बहुतेक जण गाइडच्या ओळखीचे, सोयीचे लोक बघतात. त्यापेक्षा तुमच्या कामात जे कमी आहे ते ज्याच्याकडे आहे असा माणूस गाइडकडे मागा. बायोकेमिस्ट्रीच्या विद्यार्थ्याला दुसरा बायोकेमिस्ट फारसा उपयोगी पडत नाही. त्याला कम्युनिटी मेडिसिनमधला, संख्याशास्त्र जाणणारा एक जण हवा असतो. दुसऱ्या संस्थेतला सह-मार्गदर्शक चालतो, पण त्याला विद्यापीठाची रीतसर मान्यता लागते. तोंडी ठरलेला सह-मार्गदर्शक प्रबंधाच्या मुखपृष्ठावर येत नाही. गाइडच्या निवृत्तीचं वर्षही विचारून घ्या. निवृत्तीला ३ वर्षांपेक्षा कमी उरलेल्या प्राध्यापकाला नवे विद्यार्थी घेता येत नाहीत. विचारायला संकोच वाटतो खरा, पण विचारा.

सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा लेखी प्रस्ताव: समिती नेमकं कुठे बोट ठेवते

इथे एक उदाहरण पूर्ण घेऊ. तासगाव भागातल्या द्राक्षबागेत फवारणी करणाऱ्या मजुरांच्या रक्तातल्या कोलिनएस्टरेज या विकराची (एन्झाइमची) पातळी फवारणीच्या हंगामात किती घटते, असा विषय आहे. आपल्या भागाला साजेसा, करता येण्याजोगा, आणि नव्या विद्यार्थ्याच्या सगळ्या चुका यात एकदम दिसतात.

पहिली चूक नमुनासंख्येची. दहापैकी बऱ्याच सिनॉप्सिसमध्ये ४ पी क्यू भागिले डी वर्ग हे सूत्र डोळे झाकून टाकलेलं असतं. प्रमाण ५० टक्के आणि चूक ५ टक्के धरली की उत्तर येतं ४००. पण ते सूत्र ‘किती टक्के लोकांना अमुक आहे’ या प्रश्नाचं. तुमचा प्रश्न आहे ‘त्याच माणसाची पातळी आधी आणि नंतर किती बदलली’. त्यासाठी जोडीच्या तुलनेचं सूत्र: ७.८४ गुणिले, फरकाचं प्रमाण विचलन भागिले अपेक्षित घट, याचा वर्ग. यातलं ७.८४ म्हणजे १.९६ अधिक ०.८४ यांच्या बेरजेचा वर्ग, ५ टक्के सार्थकता आणि ८० टक्के पॉवरसाठी (पॉवर म्हणजे खरा फरक असेल तर तो सापडण्याची शक्यता). अपेक्षित घट प्रमाण विचलनाच्या निम्मी धरली तर ७.८४ भागिले ०.२५, म्हणजे ३१.३६, ३२ माणसं. मजूर हंगामात गाव बदलतात, म्हणून २० टक्के गळती धरा: ३२ भागिले ०.८, म्हणजे ४०. चारशे माणसांचं दोनदा रक्त म्हणजे ८०० नळ्या. चाळीस माणसांचं म्हणजे ८०. एका चुकीच्या सूत्रापायी अभ्यास दहापट महाग होतो आणि मग तिसऱ्या वर्षी ‘नमुने जमले नाहीत’ म्हणून मुदतवाढीचा अर्ज येतो. अपेक्षित घट आणि विचलनाचे आकडे मात्र मनाचे नकोत. छापील अभ्यासातून किंवा स्वतःच्या पायलटमधून, म्हणजे आधी केलेल्या छोट्या चाचणी अभ्यासातून, घ्या आणि कुठून घेतले ते लिहा.

दुसरा प्रश्न ‘आधी’चा. निरोगी माणसामाणसांतच या विकराची पातळी इतकी कमीजास्त असते की हंगामात घेतलेल्या एकाच नमुन्यावरून काही सांगता येत नाही. म्हणून प्रत्येकाचा स्वतःचा पायाभूत नमुना हवा, आणि तोही किमान महिनाभर फवारणीशी संबंध न आलेला असताना. फळछाटणी साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरच्या आसपास सुरू होते आणि त्यानंतर फवारण्यांचा सपाटा लागतो. तेव्हा पायाभूत नमुना त्याआधीच. बाग कोणत्या तारखेला छाटायची हे बागायतदार ठरवतो, समिती नाही.

तिसरा प्रश्न औषधांचा. बागेतल्या बऱ्याच फवारण्या बुरशीनाशकांच्या असतात आणि त्यांनी कोलिनएस्टरेज घटत नाही. घटतं ते ऑर्गॅनोफॉस्फेट आणि कार्बामेट कीटकनाशकांनी. म्हणजे ‘फवारणी करतो का’ एवढं विचारून भागत नाही. डब्यावरचं नाव, तारीख, मास्क-हातमोजे वापरले का, हे सगळं नोंदवणारी वही हवी. सिनॉप्सिसमध्ये त्या वहीचा नमुना जोडला असेल तर समितीचे निम्मे प्रश्न तिथेच संपतात.

चौथा प्रश्न प्रयोगशाळेचा. प्लाझ्मातलं विकर लवकर घटतं आणि काही आठवड्यांत भरून येतं. तांबड्या पेशींमधलं सावकाश भरतं, कारण पेशीचं आयुष्यच सुमारे १२० दिवसांचं. तुम्ही कोणतं मोजणार आणि का? एलमन पद्धतीने, म्हणजे तयार होणाऱ्या रंगावरून विकर मोजून, ४१२ नॅनोमीटरला वाचन घेणार असाल तर हिमोग्लोबिनही तिथल्याच आसपास प्रकाश शोषतं, ते कसं वजा करणार? कार्बामेटचा परिणाम नळीतसुद्धा ओसरत जातो, मग बागेतून नमुना बर्फावर किती वेळात प्रयोगशाळेत पोचणार? ही उत्तरं सिनॉप्सिसमध्ये दोन-दोन ओळींत असली तरी पुरतात. नसली तर ‘पद्धत स्पष्ट नाही, पुन्हा सादर करा’ असा शेरा येतो आणि एक सत्र गेलं.

उद्दिष्टं तीन, फार तर चार ठेवा. सातवं उद्दिष्ट लिहिताना काही लागत नाही, पण प्रबंधात त्याचं उत्तर नसलं की परीक्षक पहिल्यांदा तिथेच थांबतो.

एथिक्स कमिटी आणि उलटं वेळापत्रक

माणसांवरच्या संशोधनाला आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, २०१७ ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं लागू. कमिटीत ७ ते १५ सदस्य, अध्यक्ष संस्थेबाहेरचा, बैठकीला किमान ५ जण हजर. कमिटी नोंदणीकृत हवी. तुमच्या विज्ञान किंवा फार्मसी कॉलेजात अशी कमिटी नसेल तर सामंजस्य करार करून जवळच्या संस्थेच्या कमिटीकडे जाता येतं. कराड, मिरज, सांगलीला वैद्यकीय महाविद्यालयं असल्याने आपल्याकडे ही सोय तशी हाताशी आहे. करारालाही वेळ लागतो, एवढं धरून चला.

सगळ्यात महत्त्वाचं: झालेल्या कामाला मागाहून मंजुरी मिळत नाही. पत्राच्या तारखेआधी घेतलेला एकही नमुना प्रबंधात वापरता येणार नाही. ‘पायलटच होता’ हे कारण चालत नाही, पायलटलाही मंजुरी लागते.

आता वरच्या उदाहरणाचं वेळापत्रक उलटं मोजा. पायाभूत नमुने ऑगस्टमध्ये हवेत. म्हणजे मंजुरीचं पत्र जुलैअखेर हातात हवं. पहिल्या बैठकीत दुरुस्त्या निघतात असं धरूनच चालायचं, त्यामुळे पहिली बैठक मे किंवा जूनची. विषयपत्रिका बैठकीच्या काही आठवडे आधी बंद होते, म्हणजे अर्ज एप्रिलमध्ये. अर्जाला आरएसीने मान्य केलेला प्रस्ताव जोडायचा, म्हणजे आरएसी मार्चमध्ये. त्यासाठी सिनॉप्सिसचा मसुदा गाइडकडे जानेवारीत. यातली एक कडी महिनाभर सरकली तर छाटणी गाठली जात नाही, आणि बागेचा पुढचा हंगाम वर्षाने येतो. डेंग्यू, सर्पदंश, ऊसतोड मजुरांचा अभ्यास, सगळ्यांना हेच लागू. तुमच्या विषयाला हंगाम असेल तर तो आधी भिंतीवर लावा, समित्यांच्या तारखा त्याच्या मागे.

अर्ज अडकतो तो बहुतेक वेळा संमतीपत्रकावर. इंग्रजी पत्रकाचं जडजंबाळ भाषांतर नको. ‘शिरेतून रक्ताचा नमुना संकलित करण्यात येईल’ऐवजी ‘हातातून ५ मिली, म्हणजे साधारण एक चमचा रक्त दोन वेळा घेऊ’ असं लिहा. नकार दिला तरी उपचारावर किंवा कामावर परिणाम होणार नाही हे स्पष्ट हवं. बागायतदार-मजूर नात्यात याला फार अर्थ आहे. मालकासमोर संमती घेऊ नका आणि तसं प्रस्तावात लिहा. लिहिता-वाचता न येणाऱ्यासाठी अंगठ्याबरोबर निष्पक्ष साक्षीदाराची सही लागते, आणि तो साक्षीदार तुमच्या टीममधला नसावा. पातळी धोकादायक निघाली तर त्या माणसाला कोण, कधी कळवणार आणि कुठे पाठवणार, हेही विचारतातच. पत्रकावर आवृत्ती क्रमांक आणि तारीख टाका, संशोधकाचा आणि कमिटीच्या सचिवाचा फोन द्या. नंतर एक ओळ जरी बदलली तरी नवी आवृत्ती पुन्हा मंजूर करून घ्यायची. गाइड स्वतः कमिटीचा सदस्य असेल तर तुमच्या प्रस्तावाच्या वेळी त्याने बाहेर थांबायचं आणि ते इतिवृत्तात यायला हवं.

औषध किंवा व्यायाम देऊन परिणाम बघणारा अभ्यास असेल तर पहिला माणूस घेण्याआधी सीटीआरआयवर, म्हणजे क्लिनिकल ट्रायलच्या राष्ट्रीय नोंदवहीत, नोंदणी. १ एप्रिल २०१८ पासून मागाहून नोंदणी होत नाही. परदेशी संस्थेबरोबर काम असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीचीही मंजुरी लागते. प्राण्यांसाठी फॉर्म बी भरून संस्थेच्या प्राणी नीतिशास्त्र समितीकडे. पत्रात मंजूर झालेले उंदीर ३६ असतील तर प्रबंधात ४२ दिसता कामा नयेत. सांगलीच्या हळदीतलं कर्क्युमिन घेऊन उंदरांवर काम करणारे बरेच असतात, त्यांनी एवढं तरी जपावं.

दर सत्राची बैठक

सादरीकरण १५-२० मिनिटांचं. पहिल्या स्लाइडनंतर लगेच एक तक्ता टाका: मागच्या बैठकीतली सूचना, काय केलं, जमलं नसेल तर का. हा तक्ता असला की बैठक तासाभरात आटोपते. नसला की तेच प्रश्न पुन्हा येतात. फसलेले प्रयोगही दाखवा. सूचना मिळतात त्या तिथेच.

समितीने आपली शिफारस लेखी द्यायची असते आणि तिची प्रत विद्यार्थ्यालाही मिळायला हवी. बैठकीच्या दिवशीच मुद्दे टाइप करून गाइडला द्या, सह्या त्याच आठवड्यात घ्या. सदस्याने तोंडी ‘कंट्रोल ग्रुप नको’ म्हटलं आणि ते मिनिट्समध्ये नसलं, तर दीड वर्षाने तोच सदस्य ‘कंट्रोल ग्रुप कुठाय?’ असं विचारू शकतो. काही ठिकाणी सहाही बैठकांचे कागद शेवटी एकदम तयार होतात. मग एखादी बैठक दिवाळीत झालेली निघते आणि पीएचडी विभागात फाइल अडते.

प्रगती समाधानकारक नसेल तर समितीने कारणं आणि सुधारणा लिहून द्यायच्या असतात. त्या पाळल्या नाहीत तर नोंदणी रद्द करण्याची शिफारस करण्याचा अधिकार तिला आहे. अशी वेळ सहसा नापास प्रयोगांनी येत नाही, ती येते गैरहजेरीने आणि न दिलेल्या अहवालांनी.

विषयाच्या शीर्षकाकडे एक डोळा असू द्या. नोंदणीपत्र, एथिक्सचं पत्र आणि प्रबंधाचं मुखपृष्ठ या तिन्हींवर शब्द तेच हवेत. ‘सांगली जिल्हा’ऐवजी ‘तासगाव तालुका’ केलं तरी आधी आरएसी, मग विद्यापीठ, मग एथिक्स कमिटी, सगळीकडे कळवा.

प्री-सबमिशन आणि साम्य तपासणी

प्रबंध देण्याआधी आरएसीसमोर सादरीकरण होतं आणि ते सगळ्या शिक्षकांना, विद्यार्थ्यांना खुलं असतं. कामात पेटंट घेण्यासारखं काही असेल तर त्याआधी प्रोव्हिजनल अर्ज करून टाका. पूर्ण अर्जाला मग १२ महिने मिळतात. खुल्या सभेत सांगून झाल्यावर पेटंट वकिलाकडे जाऊन फारसा उपयोग नाही.

साम्य तपासणीला, म्हणजे प्रबंधातला मजकूर दुसरीकडच्या मजकुराशी किती जुळतो ते बघण्याला, यूजीसीचे २०१८ चे नियम. १० टक्क्यांपर्यंत अडचण नाही. १० ते ४० मध्ये ६ महिन्यांच्या आत सुधारून द्यायचं. ४० ते ६० मध्ये वर्षभर सुधारित प्रबंध देता येत नाही. ६० च्या वर नोंदणीच रद्द. संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश आणि योग्य श्रेय दिलेली अवतरणं मोजणीतून वगळतात. टक्का चढतो तो परिचय आणि पद्धतीच्या प्रकरणांत. एलमन पद्धत सगळ्यांनी सारखीच लिहिलेली असते. ती शब्द फिरवून नव्हे, तुम्ही प्रत्यक्षात किती मायक्रोलीटर, किती तापमानाला, कोणत्या यंत्रावर केलं ते लिहून वेगळी होते.

परीक्षक आणि व्हायवा

प्रबंध गाइड आणि किमान दोन बाह्य परीक्षक तपासतात. बाह्य परीक्षक तुमच्या संस्थेच्या नोकरीत नसावेत. एक परदेशातला असू शकतो. दोन्ही बाह्य अहवाल अनुकूल असले तरच व्हायवा. एकाने नाकारलं तर पर्यायी परीक्षकाकडे जातो, त्यानेही नाकारलं तर प्रबंध नामंजूर. परीक्षक कोण ते शोधू नका, कळलं तरी फोन करू नका. सादर केल्यापासून ६ महिन्यांत सगळी प्रक्रिया संपावी असा नियम आहे. उशीर होत असेल तर गाइडमार्फत लेखी विचारणा करा.

अहवाल हाती आले की प्रत्येक शेऱ्याला क्रमांक द्या, खाली उत्तर, पुढे प्रबंधातला पान क्रमांक. व्हायवाला तीच यादी छापून न्या. प्रत्यक्षात विचारतात ते असं: नमुनासंख्या कशी काढली, किती जण गळले आणि ते उरलेल्यांपेक्षा वेगळे होते का, या टेस्टऐवजी ती का नाही, मर्यादा काय. एथिक्सच्या पत्राची मूळ प्रत, सह्या झालेली संमतीपत्रकं आणि प्रयोगवह्या खोलीत असू द्या.

व्हायवा झाल्यावर सुधारित प्रबंधाची सॉफ्ट कॉपी द्यावी लागते. ती शोधगंगेवर, म्हणजे देशातल्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर, चढवण्यासाठी विद्यापीठ तो संग्रह चालवणाऱ्या इन्फ्लिबनेटकडे पाठवतं, आणि पदवी देण्याआधी हे व्हावं लागतं. फाइलमध्ये कुठल्याही परिशिष्टात मजुरांची नावं, फोन किंवा सह्या राहिल्या नाहीत ना, हे स्वतः पानोपान बघा; शोधगंगेवर ती कोणालाही उघडता येते. प्रोव्हिजनल प्रमाणपत्र घेताना त्यावर यूजीसीच्या नियमावलीनुसार पदवी दिल्याचा उल्लेख आहे ना ते काउंटरवरच वाचून घ्या. नोकरीच्या छाननीत तो मागतात आणि दुरुस्तीसाठी पुन्हा कोल्हापूर किंवा नाशिक गाठावं लागतं.